तलावाचा हिशेब आषाढातच

ज्येष्ठ अमावास्या झाली, पूजेची मातीची बैलजोडी देव्हाऱ्यासमोरून उठली आणि आषाढ लागला, की आपल्या सीमाभागातल्या गल्ल्यागल्ल्यांतून एक बैठक होते. गल्लीतले पंच, मंडळाचे जुने अध्यक्ष आणि नुकतीच मिशी फुटलेले कार्यकर्ते देवळाच्या कट्ट्यावर जमतात. विषय तीनच असतात : वर्गणी किती, देखावा कोणता आणि मूर्ती किती फुटांची. चहा होतो, थोडी वादावादी होते, ती मराठीत सुरू होऊन कानडीत मिटते किंवा कानडीत सुरू होऊन मराठीत मिटते. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र बहुतेक ठिकाणी ठरलेले असते. गेल्या वर्षीपेक्षा एक फूट जास्त.

या बैठकीत कपिलेश्वर तलावाचे नाव सहसा निघत नाही. ते निघते भाद्रपदात, अनंत चतुर्दशी तोंडावर आल्यावर. मग क्रेन, दिवे, बंदोबस्त, निर्माल्याचे कुंड यांची धावपळ सुरू होते. वर्तमानपत्रांतून पर्यावरणपूरक विसर्जनाची आवाहने येतात. आवाहने चांगलीच असतात, पण तोपर्यंत मूर्ती रंगवून तयार असते. तिच्यात काय भरले आहे, तिला कोणता रंग दिला आहे, आतला सांगाडा किती किलोचा आहे, हे दोन-अडीच महिन्यांपूर्वीच ठरून गेलेले असते. विसर्जनानंतर तलावात काय उरणार, याचा निर्णय घाटावर होत नाही, तो आषाढातल्या त्या कट्ट्यावर होतो. म्हणून हा विषय आजच काढतो आहे. गणपतीला अजून अवकाश आहे, आणि हाती काही करण्यासारखे आहे ते आत्ताच आहे.

बेळगावचा सार्वजनिक गणेशोत्सव लोकमान्यांच्या प्रेरणेचा, शंभर वर्षे ओलांडलेला. त्याची विसर्जन मिरवणूक पाहायला खानापूर, चंदगड, निपाणीपासून माणसे येतात. संध्याकाळी सुरू झालेली मिरवणूक दुसऱ्या दिवशी दुपारनंतरही चालू असते. लेझीम, झांजपथक, ढोलताशे, आणि पहाटेच्या वेळी घाटाच्या पायऱ्यांवर होणारी शेवटची आरती, हे सगळे ज्याने पाहिले आहे त्याला या सोहळ्याबद्दल वाकडा शब्द काढवणार नाही. मलाही काढायचा नाही. पण मिरवणुकीचा शेवट जिथे होतो ती नदी नाही. दक्षिण काशी म्हणून ज्या कपिलेश्वराला आपण हात जोडतो, त्याच्या शेजारचा तो बांधीव तलाव आहे. नदीत टाकलेले निदान पुढे वाहून तरी जाते (अर्थात पुढच्या गावाच्या माथी). तलावात टाकलेले तलावातच राहते. कुणीतरी उतरून बाहेर काढेपर्यंत राहते.

हे ‘कुणीतरी’ कोण, याचा विचार आपण फारसा करत नाही. शेवटची मूर्ती पाण्यात गेली की आपण घरी जाऊन झोपतो. त्यानंतर सफाई कामगारांचे काम सुरू होते. अर्धवट भिजलेले प्लास्टर, त्यातून बाहेर आलेल्या सळ्या, खिळे, तारा, काथ्या, बांबू, लाकडी पाट हे सगळे गढूळ पाण्यात, पायाखालचे दिसत नसताना, ओढून काढायचे असते. भिजलेल्या प्लास्टरचा तुकडा हाताला दगडासारखा जड लागतो. ज्या मूर्तीला आपण पायही लागू देत नाही, तिच्या अवशेषांवर पाय देऊनच त्या माणसाला काम करावे लागते. विटंबना कशाला म्हणायचे, असा प्रश्न मला पडतो तो इथे.

आता पाण्यात नेमके काय घडते ते पाहू. प्लास्टर ऑफ पॅरिस म्हणजे भाजलेला जिप्सम. जिप्समचा दगड साधारण दीडशे अंशांपर्यंत तापवला की त्यातले बरेचसे पाणी उडून जाते आणि पांढरी भुकटी उरते. तिच्यात पुन्हा पाणी घातले की ती काही मिनिटांत घट्ट होते, म्हणजे परत जिप्सम होते. पाणी पिऊनच जो पदार्थ दगड होतो, तो पाण्यात सोडल्यावर विरघळेल कसा? अगदीच विरघळत नाही असे नाही. एका लिटर पाण्यात फार तर दोन-अडीच ग्रॅम जिप्सम विरघळते. म्हणजे दहा किलो प्लास्टरच्या एका मूर्तीला, कागदावरच्या हिशेबाने, चार ते पाच हजार लिटर स्वच्छ पाणी हवे, आणि तेही सतत ढवळत राहिलेले. तलावात शेकडो मूर्ती एकावर एक बसतात, तिथे हे व्हायचे नाही. जे थोडे विरघळते ते पाणी जड करते, आणि उरलेले तळाशी गाळात थर धरून बसते. वरच्या रासायनिक रंगांत शिसे, क्रोमियम, कॅडमियमसारखे धातू असू शकतात. त्यांचे पुढे काही कुजून जात नाही, ते गाळात साठत राहतात.

दुसरी गोष्ट निर्माल्याची. फुले, दुर्वा, पत्री, केळीची पाने ही निसर्गातलीच, मग ती पाण्यात गेली तर बिघडले कुठे, असे आपल्याला वाटते. बिघडते ते प्रमाणामुळे. पाण्यातल्या माशांना पाण्यात विरघळलेला प्राणवायू लागतो. पंचवीस अंशांच्या आसपासच्या स्वच्छ पाण्यात तो लिटरमागे जेमतेम आठ मिलिग्रॅम मावतो. पाण्यात पडलेला सेंद्रिय पदार्थ कुजवणारे जंतू हाच प्राणवायू वापरतात. एक चमचा म्हणजे पाच ग्रॅम साखर पूर्ण कुजायला पाच ग्रॅमहून थोडा अधिक प्राणवायू लागतो. साडेसहाशे लिटरहून जास्त पाण्यात मिळून जेवढा प्राणवायू असतो, तेवढा हा झाला. हवेतून थोडा परत मिसळत राहतो, पण साचलेल्या पाण्यात तो सावकाश मिसळतो. आता एका रात्रीत पाण्यात जाणारे हार, प्रसाद, खोबरे, गूळ, फळे डोळ्यांसमोर आणा. स्नानाच्या पाण्यासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने जो निकष ठरवला आहे, त्यात प्राणवायू लिटरला किमान पाच मिलिग्रॅम हवा आणि कुजणाऱ्या घाणीची प्राणवायूची मागणी तीन मिलिग्रॅमच्या वर जाता कामा नये. विसर्जनानंतर काही दिवसांत एखाद्या तलावात मासे उलटे तरंगताना दिसतात, त्याचे कारण बहुधा विष नसते. ते गुदमरलेले असतात.

मग मातीकडे वळू. ही माती आपल्याला कुणी नव्याने शिकवायला नको. आपल्या घरांतून दोन भाषा नांदतात, तसे दोन्हीकडचे सणही नांदतात. कानडी घरात ज्येष्ठ अमावास्येला ‘मण्णेत्तिन अमावास्ये’ म्हणून मातीचे बैल पुजतात. आषाढातल्या मंगळवारी मुली मातीची गुळ्ळव्वा मांडतात. नागपंचमीला मातीचा नागप्पा, चतुर्थीला मातीचा गणप्पा, आणि गणपती गेल्यावर बुट्टीतून दारोदार फिरणारा मातीचा जोकुमार. पावसाळ्यातल्या पेरणीपासून पीक उभे राहीपर्यंत मातीलाच देव मानायचे, अशी ही ओळ आहे. मराठी पूजेतही गणपतीला ‘पार्थिव’ म्हणतात. पार्थिव म्हणजे पृथ्वीपासून, मातीपासून केलेला. या सगळ्या मूर्तींची उंची किती? तळहातावर मावेल एवढी, फार तर वीतभर. सासरचे कानडी आणि माहेरचे मराठी अशा घरातल्या आजीला विचारा. भाषा कोणतीही असो, उत्तर एकच येईल.

याच आजीपाशी दुसऱ्या एका शंकेचेही उत्तर मिळते. घरगुती गणपती बादलीत विसर्जन करा म्हटले की पुष्कळ घरांत वातावरण तंग होते. “बादलीत देव बुडवायचा म्हणजे काय गं?” हा प्रश्न ऐकला नाही असे घर विरळा. या प्रश्नाला हसू नये. त्यामागे श्रद्धा आहे आणि तिला उत्तरही शास्त्रातलेच द्यावे. प्राणप्रतिष्ठेने मूर्तीत देवत्व येते आणि उत्तरपूजेने ते निरोप घेते. उत्तरपूजेच्या अक्षता पडल्या, मूर्ती जागेवरून किंचित हलवली, की पुढे उरते ती माती. ती स्वच्छ पाण्यात मानाने विरघळावी एवढेच आपले कर्तव्य. आणि पूर्वी तरी सगळे गणपती तलावावर कुठे जात होते? ज्यांच्या परसात विहीर होती त्यांचा गणपती पुष्कळदा त्या विहिरीतच पोचवला जाई. दुसऱ्या दिवशी त्याच विहिरीचे पाणी शेंदून स्वयंपाक व्हायचा. ज्या पाण्यावर आपली भाकरी होणार, त्यात कोण प्लास्टर टाकेल? आपल्या घरचे पाणी नळाने राकसकोप आणि हिडकल जलाशयांतून येऊ लागले, तेव्हापासून तलावातले पाणी कुणाचेच राहिले नाही.

मातीच्या मूर्तीचीही एक मर्यादा आहे, ती लपवू नये. भट्टीत न भाजलेली माती काही तासांत पाण्यात विरते, पण ती नाहीशी होत नाही, तळाशी बसते. हजारो घरांतली शाडू एका तलावात गेली तर तलाव उथळ होतो. शिवाय शाडू आपल्याकडची नव्हे, ती गुजरातेतून येते. म्हणून घरच्या मूर्तीसाठी बादली किंवा टब हाच खरा घाट. हार, वस्त्र, दागिने आधी उतरवायचे, मूर्ती रात्रभर पाण्यात ठेवायची. वरचे पाणी झाडांना घालावे, खालची माती वाळवून डब्यात ठेवावी. पुण्यात काही संस्था अशी माती गोळा करून मूर्तिकारांना परत देतात. आपल्याला तर लांब जायचेही कारण नाही. खानापूरची माती आणि तिथले कुंभारकाम सर्वांना ठाऊक आहे, ग्रामीण कुंभारकामाची केंद्रीय संस्थाही खानापुरात आहे. बेळगाव-खानापुरातल्या मूर्तिकारांना आषाढातच मातीच्या मूर्तीची मागणी मिळाली तर ते ती पुरी करतील. मागणी श्रावण संपताना आली तर साच्यातले प्लास्टरच हाती पडणार. माती वाळायला वेळ लागतो आणि पावसाळ्यात तो अधिकच लागतो.

घरात प्लास्टरची मूर्ती आलीच, तर तिच्यासाठीही एक उपाय पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने शोधला आहे. अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात प्लास्टरची मूर्ती ठेवली की खडूसारखा कॅल्शियम कार्बोनेट तळाशी बसतो आणि पाण्यात अमोनियम सल्फेट उरते, ते खत म्हणून चालते. पुणे महापालिकेने ही भुकटी नागरिकांना वाटलीही आहे. मूर्तीच्या वजनाइतकी भुकटी लागते, पाणी मधूनमधून ढवळावे लागते आणि एक-दोन दिवस थांबावे लागते. अमोनियाचा वास येतो, म्हणून हे काम अंगणात किंवा गच्चीवर करावे. आणि हा आपला खाण्याचा सोडा नव्हे, हे लक्षात ठेवावे. हा उपाय घरच्या छोट्या मूर्तीसाठी ठीक आहे. पंधरा फुटांच्या मूर्तीसाठी एवढी भुकटी आणि एवढी टाकी कोण कुठून आणणार?

म्हणून गाडी पुन्हा गल्लीच्या बैठकीवर येते. तिथे पहिला आक्षेप येतो तो असा : मोठी मूर्ती मातीची होत नाही. होते. हैदराबादच्या खैरताबाद गणपतीचा उत्सव १९५४ सालचा, आणि तिथली मूर्ती उंचीसाठीच प्रसिद्ध. तेलंगण उच्च न्यायालयाने २०२१ साली हुसेनसागरात प्लास्टरच्या मूर्ती सोडायला मनाई केली. त्या वर्षापुरती सर्वोच्च न्यायालयाने सवलत दिली. पुढच्याच वर्षी, २०२२ मध्ये, खैरताबादला पन्नास फुटांची मूर्ती मातीची घडली. पन्नास फुटांची माती तलावात घालावी की नाही हा प्रश्न उरतोच, पण ‘होत नाही’ हे म्हणणे तरी संपले.

दुसरा आक्षेप असतो मानाचा. उंची कमी केली तर शेजारची गल्ली काय म्हणेल? इथे साधे गणित सांगतो. मूर्तीची उंची दुप्पट केली तर रुंदी आणि जाडीही दुप्पट होते, म्हणजे भरीव मूर्तीचे वजन आठपट होते. आतून पोकळ ठेवली तरी ते चौपटीच्या खाली येत नाही. उंचीच्या एकेका फुटाबरोबर वर्गणी, क्रेनचे भाडे, विजेच्या तारांचा धोका आणि तलावातला गाळ हे सगळे वाढत जाते. मान उंचीतच असतो असेही नाही. पुण्यात भाऊ रंगारींच्या गणपतीची लाकूड आणि भुशाची मूर्ती १८९२ सालापासून तीच आहे. दगडूशेठ गणपतीची मुख्य मूर्तीही विसर्जित होत नाही. सार्वजनिक उत्सवाच्या मुळाशी असलेल्या मंडळांची ही रीत आहे. उत्सवाची मोठी मूर्ती कायमची ठेवायची आणि पूजेची छोटी मातीची मूर्ती विसर्जित करायची, यात कमीपणा कसला?

तिसरा आक्षेप कायद्याचा असतो. बंदी आहे की उठली, असा गोंधळ अलीकडे झाला आहे, म्हणून तो स्पष्ट करतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मे २०२० च्या मार्गदर्शक सूचना प्लास्टर आणि थर्मोकोल नको असे सांगतात. कर्नाटक राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाने त्याआधीच, २०१६ साली, प्लास्टरच्या मूर्ती जलस्रोतांत सोडण्याविरुद्ध आदेश काढला. मुंबई उच्च न्यायालयाने जून २०२५ मध्ये प्लास्टरच्या मूर्ती घडवायला मोकळीक दिली ती महाराष्ट्रापुरती, आणि नैसर्गिक पाण्यात त्या सोडायच्या नाहीत ही अट कायम ठेवून. पलीकडून मूर्ती इकडे आली म्हणजे पलीकडची मोकळीकही तिच्याबरोबर येते, असे नाही. आणि कोल्हापूरचे उदाहरण तर हाताशी आहे. आपले निम्मे सोयरे तिथेच आहेत. पंचगंगेऐवजी इराणी खणीत विसर्जन करण्याचा पायंडा तिथे पडला आहे. सुरुवातीला कुरबुर झाली, आता मंडळे वाजतगाजत खणीवर जातात. घाट बदलला म्हणून भक्ती काही आटली नाही.

तेव्हा यंदाच्या बैठकीत मूर्तीची ऑर्डर देताना चार गोष्टी पावतीवर लिहून घ्याव्यात. मूर्ती कशाची, म्हणजे माती, कागदाचा लगदा, काथ्या की आणखी काही. रंग कोणता : गेरू, हळद, मुलतानी माती चालेल, तैलरंग नको. सांगाडा सुटा होणारा आहे का, म्हणजे विसर्जनाआधी लोखंड काढून परत नेता येईल. आणि अलंकार, वस्त्रे, मुकुट वेगळे निघतात का. महाप्रसादासाठी पत्रावळी आणि स्टीलचे पेले ठेवले, मिरवणुकीच्या वाटेवर पाण्याच्या पाऊचऐवजी नळाचे पिंप ठेवले, तर दुसऱ्या दिवशीचा रस्ताही वेगळा दिसेल. थर्मोकोलची आरास आणि प्लास्टिकचे कप-ताटल्या १ जुलै २०२२ पासून देशभर बंद आहेत, हेही बैठकीत एकदा मोठ्याने वाचावे. निर्माल्य घरीच, गल्लीतच वेगळे करावे. घाटावर गर्दीत ते कधीच नीट होत नाही.

आणखी एक सुचवतो. प्रत्येक मंडळ उत्सवानंतर जमाखर्च मांडते. त्यात या वर्षी एक ओळ वाढवावी : तलावात काय सोडले आणि तलावातून परत काय आणले. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी मंडळाचे दहा कार्यकर्ते हातमोजे घालून, महापालिकेच्या कामगारांबरोबर काठावर उभे राहिले, आपला सांगाडा आपण ओळखून परत नेला, तर पुढच्या आषाढात मूर्ती किती फुटांची या प्रश्नाचे उत्तर त्यांना कुणी शिकवावे लागणार नाही. ज्याने सांगाडा ओढला आहे तो एक फूट वाढवा म्हणताना दोनदा विचार करील.

हे गाव पाण्याचा विचार न करणारे नव्हते. १९२४ साली गांधीजींच्या अध्यक्षतेखाली इथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. देशभरातून लोक येणार म्हणून गंगाधरराव देशपांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधी विहीर खोदून घेतली. टिळकवाडीतली ती काँग्रेस विहीर आजही आहे. सार्वजनिक सोहळा करायचा तर पाण्याची सोय आधी, मंडप नंतर, एवढी त्यांची साधी रीत होती. सोहळा संपला आणि गावाला एक विहीर जास्त मिळाली.

आपल्या गल्लीची बैठक अजून व्हायची असेल तर बरेच आहे. घरातले कुणीतरी तिथे जाणारच. त्यांना निघताना एवढेच सांगा, की उंचीचा विषय निघाला की तलावाचाही काढा. कानडीत काढा नाहीतर मराठीत, पण मूर्तिकाराला बयाणा देण्याआधी काढा.